चौथ्या ओळीची पानं

आमच्या घरात दोन स्वयंपाकघरं होती. वरच्यात आई आमच्यासाठी पोळीभाजी करायची आणि खालच्यात केळीच्या रोपांचं जेवण शिजायचं. बाबाही त्याला जेवणच म्हणायचे. साखर, क्षार, जीवनसत्त्वं आणि ते सगळं घट्ट व्हावं म्हणून अगर, असं भल्यामोठ्या पातेल्यात उकळायचं, जॅमच्या बाटल्यांमध्ये बोटभर ओतायचं आणि मग त्या बाटल्या कमरेइतक्या उंच कुकरमध्ये घालून वाफवायच्या. त्या वाफेचा वास जिन्यातून वर यायचा. थोडा गोड, थोडा शेवाळासारखा. तो आईच्या फोडणीत मिसळायचा, पडद्यांत बसायचा, माझ्या शाळेच्या युनिफॉर्मलाही यायचा. शाळेत शेजारी बसणारी मुलगी नाक मुरडून विचारायची, "व्हॉट इज दॅट स्मेल?" आणि मी "नथिंग" म्हणून खिडकीकडे सरकायचे. माझं बहुतेक बालपण त्या "नथिंग"मध्ये गेलं.

बाबा आधी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. नोकरी सोडून त्यांनी हडपसरच्या आमच्या घराच्या तळमजल्यावर ही प्रयोगशाळा काढली. केळीच्या एका निरोगी झाडाच्या बुंध्याशी फुटलेली पिल्लं, ज्यांना मुनवे म्हणतात, ती काढायची, त्यांच्या गाभ्याचा नखाएवढा तुकडा बाटलीत ठेवायचा. त्याला कोंब फुटतात, त्या कोंबांचे पुन्हा तुकडे, पुन्हा बाटल्या. वर्षभरात एका झाडाची हजारो झाडं होतात, सगळी तंतोतंत सारखी. ज्या झाडांपासून हे सुरू व्हायचं ती मातृरोपं लोणी काळभोरला आमच्या छोट्या जागेत हिरव्या जाळीच्या मांडवाखाली होती. चार ओळी, प्रत्येक ओळीत दहा. फाटकापासून पहिली ओळ आणि पाण्याच्या नळापाशी चौथी.

माझ्याकडे रविवारी एक काम असायचं, बिघडलेल्या बाटल्या धुण्याचं. कितीही काळजी घेतली तरी काही बाटल्यांत बुरशी शिरायचीच. झाकण उघडलं की आंबूस भपका यायचा. आत राखाडी केस उगवलेले असायचे, कधी गुलाबी बुळबुळीत साय. ती बोटाने खरवडून काढावी लागायची, कारण ब्रश कोपऱ्यात पोचत नसे. हातमोजे असूनही मी नंतर तीनतीनदा हात धुवायचे आणि तरी जेवताना पहिला घास घशाखाली उतरायचा नाही. बाबा हसायचे. म्हणायचे, "बुरशीची किळस करू नये. ती निदान दिसते. बाटली बाजूला काढता येते. रोपाच्या आत विषाणू असला ना, तर बाटली आरशासारखी स्वच्छ असते." आज माझं रोजचं कामच परदेशी जाणाऱ्या आणि तिकडून येणाऱ्या रोपांची तपासणी करण्याचं आहे, आणि गेली कित्येक वर्षं मी नव्या लोकांना पहिल्या दिवशी हेच वाक्य सांगते. कुणाचं आहे ते सांगत नाही.

घरात चौथी व्यक्ती म्हणजे आत्या. बाबांची थोरली बहीण, बँकेतून निवृत्त झालेली, लग्न न केलेली, घरातल्या प्रत्येक गोष्टीवर मत असलेली. माझं कमी बोलणं तिला खुपायचं. "अहो मौनीबाबा, चहा घेणार का?" असं ती मला सकाळी विचारायची. मी मान हलवली की आईकडे वळून, "हो म्हणाल्यात. महिन्याचा कोटा संपला आता." रोज दुपारी ती शिकरण करायची. लोणीहून आलेल्या फणीतली अति पिकलेली, काळ्या डागांची केळी, ती चमच्याने नाही, हाताने कुस्करायची. तो चपचप आवाज मला माझ्या खोलीत दार लावूनही ऐकू यायचा. मी एकोणीस वर्षांची होते, मायक्रोबायॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि माझ्या डोक्यातले सगळे खरे विचार इंग्रजीत चालायचे. घरात बोलताना ते मराठीत आणेपर्यंत विषय बदललेला असायचा. मग मी बोलायचंच सोडून दिलं होतं.

त्या वर्षी श्रावणात लोणीला जाळीचा मांडव वाढवला आणि आत्याने जाहीर केलं की तिथेच सत्यनारायण घालायचा. पूजेच्या चौरंगाला चार कोपऱ्यांना केळीचे खुंट बांधतात. आमच्याकडे चाळीस केळी उभ्या होत्या, पण त्यांना हात लावायचा नव्हता, ती मातृरोपं होती. म्हणून आत्याने मंडईतून खुंट आणले आणि फुलवालीला बजावून मुळासकट, गड्ड्यासकट आणले. "नंतर लावता येतात," ती म्हणाली. "पूजेचं झाड कचऱ्यात टाकायचं? आपण काय सोसायटीतले लोक आहोत?" पूजा झाली. साजूक तुपातला प्रसादाचा शिरा झाला, त्यातही केळं. लोकांचे हात चिकट, द्रोण चिकट, माशा. सगळे निघाल्यावर आत्याने ते चार खुंट माझ्या हातात दिले. "जा, कुठेतरी ओलीत लाव. तेवढं तरी न बोलता करता येईल."

ओल नळापाशी होती. चौथ्या ओळीमागे. मी खड्डे केले, चार खुंट लावले, पाणी घातलं. खुंटाच्या पानाच्या बेचक्यात काहीतरी तपकिरी, मोहरीसारखं, दाटीने बसलेलं होतं आणि माझ्या मनगटाला ते चिकटलं. मी ते चुरडून स्कर्टला पुसलं. मावा होता तो. मावा म्हणजे काय हे मला पुस्तकातून माहीत होतं. पण पुस्तकातली कीड आणि पूजेतली केळ या दोन गोष्टी माझ्या डोक्यात वेगवेगळ्या भाषांत होत्या आणि त्यांची गाठ पडली नाही. बाबांनी ते खुंट दुसऱ्या दिवशी बघितले. वनस्पतिशास्त्राचा माणूस. म्हणाले, "छान जगतील." आम्ही सगळे शिकलेले लोक होतो.

दसऱ्याला बाबांनी तिसऱ्या आणि चौथ्या ओळीतले मुनवे काढले, कारण मोठी मागणी आली होती. पूर्व आफ्रिकेतल्या एका खरेदीदाराला बाटल्यांतली रोपं हवी होती. त्या दिवसांत बाबा जेवताना फार बोलायचे. "तिकडे केळं हे फळ नाही, कळलं? जेवण आहे. हिरवी केळी उकडतात, कुटतात, सकाळ-संध्याकाळ तेच. आपली भाकरी तशी त्यांची केळं. आपल्या बाटलीतलं रोप तिथे जाणार." आई म्हणाली, "मग नीट बांधून पाठवा हो." आत्या म्हणाली, "इथल्या गिऱ्हाइकाला वेळेवर मिळत नाहीत आणि निघाले आफ्रिकेला."

हिवाळ्यात, कॉलेजला सुट्टी असताना, मी लोणीला जायचे. तिथे शालनमावशी कामाला होत्या. पन्नाशीच्या, गावातल्याच, पदर कमरेला खोचून दिवसभर झाडांशी बोलणाऱ्या. माझ्याशीही त्या झाडाशी बोलल्यासारखंच बोलायच्या, म्हणजे उत्तराची अपेक्षा न ठेवता, आणि म्हणून मला त्या आवडायच्या. एके सकाळी त्या म्हणाल्या, "ताई, ह्या केळी रुसल्यात बगा."

चौथ्या ओळीतली पाच झाडं बाकीच्यांपेक्षा बुटकी राहिली होती. पानं पसरायच्या ऐवजी वर ताठ उभी, अरुंद, एकमेकांत घुसलेली, कुणीतरी मुठीत धरून आवळल्यासारखी. कडा पिवळट. मी एक पान उन्हाकडे धरलं. देठावर आणि मधल्या शिरेजवळ गडद हिरव्या बारीक रेघा होत्या, तुटक तुटक, टिंब आणि रेघ, टिंब आणि रेघ. तशाच रेघा मी दीड महिन्यापूर्वी वर्गात पडद्यावर बघितल्या होत्या. बंची टॉप. पर्णगुच्छ. औषध नाही, मावा पसरवतो, झाडाला घड धरत नाही. सरांनी पुढची स्लाइड लावली होती आणि मी वहीत खाली "नो क्युअर" लिहून त्याला चौकट केली होती.

मावशींनी एका झाडाच्या खोडावरचं जुनं सोपट ओढून काढलं. आत मावा होता, इतका की सोपटाचा रंग दिसत नव्हता. काळ्या मुंग्या त्याच्यावरून ये-जा करत होत्या. वरून चिकट रस गळून खालच्या पानावर काजळी धरली होती. मी नळापाशी गेले आणि तिथे माझे चार खुंट उभे होते, चारही मुठीसारखे आवळलेले. मी त्यांच्या समोरच ओकले. मावशी पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "काय खाल्लंत सकाळी?"

मी बाबांना तीन आठवडे सांगितलं नाही. हे लिहिताना मला माझीच किळस येते, आणि ती कमी व्हावी असं मला वाटत नाही. मी रोज वाक्य तयार करायचे. इंग्रजीत ते बरं वाटायचं. मराठीत ते "मी लावलं" असं सुरू व्हायचं, आणि तिथेच अडायचं. त्या तीन आठवड्यांत मी शिकरणीची वाटी सरकवून ठेवायचे, केळ्याचा वास आला की टेबलावरून उठायचे. खाली तळमजल्यावर ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात हजारो बाटल्या मांडलेल्या, प्रत्येकीत हिरवंगार, टवटवीत, काचेइतकं स्वच्छ रोप. बाजूने जाताना मला वाटायचं, त्यापेक्षा ती गुलाबी साय बरी.

शेवटी मी बोलले नाही, पान आणलं. वर्तमानपत्रात गुंडाळून ते बाबांच्या टेबलावर ठेवलं आणि दिवा त्याच्यामागे धरला. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. बराच वेळ बघितलं.

"कितवी ओळ?"

"चौथी. तिसरीतही दोन आहेत."

"आणि नळापाशी?"

"चारही."

त्यांना सगळं कळलं. पूजा, मंडई, मावा, मी. मला वाटलं, ओरडतील. मला ते हवं होतं. त्यांनी पानाची घडी घातली, पुन्हा एकदा घातली, आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. मग म्हणाले, "मुनवे दसऱ्याला काढले. तेव्हा झाडं चांगली दिसत होती."

"दिसत होती, बाबा."

"दोन ओळींतली सात झाडं. बाकीची तेरा चांगली आहेत ना?"

"ती आत्ता चांगली दिसतायत."

"आणि तिकडे हा रोग आधीच असेल. नसेल कशावरून? आपण नाही पाठवला तर दुसरा पाठवेल, तो तर तपासणारही नाही." ते माझ्याशी बोलत नव्हते. थोड्या वेळाने त्यांचा शिकवतानाचा आवाज परत आला. "पुढच्या आठवड्यात मातृरोपांची पानं तपासणीला जायची आहेत. पानं पहिल्या ओळीतून घे. पिशव्यांवर तिसरी आणि चौथी लिही. तुझं अक्षर चांगलं आहे."

मला आठवतं की त्यांनी हे बोलताना टेबलावरचा पानाचा चिकट डाग रुमालाने पुसला, आणि रुमाल खिशात ठेवला. मी त्या रुमालाकडे बघत राहिले. माझे बाबा नीटनेटके, मृदू बोलणारे, भाजीवाल्यालाही "अहो" म्हणणारे गृहस्थ होते. अशीच माणसं हे करतात, हे मला नंतर नोकरीत कळलं. ज्या साथींपायी गावोगावच्या बागा उपटाव्या लागल्या, गव्हाचे, केळीचे, टोमॅटोचे पट्टे बसले, त्यांच्या मुळाशी मी आजवर एकही राक्षस बघितलेला नाही. नेहमी कुणीतरी सभ्य माणूस असतो, ज्याला माल वेळेवर पाठवायचा असतो.

त्या शनिवारी मी लोणीला गेले. मावशी सोबत होत्या, त्या पान कापायच्या आणि मी पिशवीत भरून लिहायचे. पहिल्या ओळीपाशी मी उभी राहिले. मावशींनी कात्री उघडली. "हितनं का?" मी मानेनं नाही म्हटलं आणि शेवटाकडे चालत गेले. तिसऱ्या ओळीतून तिसऱ्या ओळीची पानं घेतली, चौथीतून चौथीची. आजारी झाडांचीही घेतली. पिशवीवर जे लिहायचं होतं तेच लिहिलं, आणि ते खरं होतं. मी घरी आले, बाबांनी पिशव्या मोजून बर्फाच्या डब्यात ठेवल्या, "शाबास" म्हणाले. मी तोंड धुवायला गेले.

अहवाल आला तेव्हा होळी होऊन गेली होती. बाबा तो हातात धरून जिन्यात बसले होते. दोन्ही ओळी बाधित. खरेदीदाराला कळवावं लागलं, मागणी गेली, आणि त्या बाटल्या पुन्हा त्याच कुकरमध्ये घालून, आतल्या रोपांसकट, उकडून काढाव्या लागल्या. दोन दिवस घरभर शिजलेल्या हिरव्या पाल्याचा वास होता. जगात जाणारी एक घाण थांबली होती आणि तिचा वास आमच्या पडद्यांत बसला होता. मला हलकं वाटायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी जेवताना आईने विचारलं, "आज लोणीला शालन नाही आली का? फोन पण नाही लागला."

"काढलं तिला," बाबा म्हणाले. "पानं चुकीच्या ओळीतून तोडली बाईने. सांगितलेलं एक, केलं एक."

"नऊ वर्षं होती रे ती, नंदू," आत्या म्हणाली. तिचा हात ताटात थांबला होता.

मी म्हणाले, "मी घेतली ती पानं. मावशींनी नाही. मला माहीत होतं कुठली आहेत ते."

इतकं सलग मी त्या टेबलावर कधी बोलले नव्हते. आईने माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबांनी आमटी भातावर घेतली, कालवली.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "पिशव्यांवर तुझंच अक्षर होतं. तू चुकणाऱ्यातली नाहीस."

"मग मावशींना का?"

"बाईला काढता येतं. मुलीला कसं काढणार?"

ते चिडून बोलले असते तर बरं झालं असतं. ते भात कालवत बोलले. आत्या, जिला प्रत्येक गोष्टीवर मत होतं, ती उठली, तिचं ताट तिने तसंच नळाखाली ठेवलं आणि पाणी सोडलं. मी तोंडातला घास गिळला नाही, हातात काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी सोलापूर रस्त्याची बस पकडून एकटी लोणीला गेले. मावशींचं घर मी कधी बघितलं नव्हतं, विचारत विचारत पोचले. त्या उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. मला बघून उठायला लागल्या, मी खाली त्यांच्याजवळच बसले आणि सगळं सांगितलं. माझे खुंट, मावा, बाबांनी काय सांगितलं, मी काय केलं. मराठीत, अडखळत, पण सगळं. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मंजी माजी चूक न्हवती," त्या म्हणाल्या.

"नव्हती."

"मला वाटलं, मीच चुकीचं पान कापलं. दोन दीस झोप न्हाई." मग त्या हसल्या, मला धीर द्यायला. "जाऊ द्या. काम मिळंल. च्या ठिवते, बसा."

त्या आत गेल्या आणि मी अंगणाकडे बघितलं. तुळशीमागे भिंतीला लागून तीन केळी होत्या, गुडघ्याएवढ्या. पानं ताठ, अरुंद, वर आवळलेली. मी उठून जवळ गेले, एक पान उन्हाकडे वळवलं. टिंब आणि रेघ.

"मावशी, ह्या कुठून आणल्या?"

"तुमच्याकडलीच की." आतून भांड्यांच्या आवाजात त्यांचा आवाज आला. "सायेब केळीच्या बुडची बारकी बारकी रोपं काढून टाकायला सांगायचे न्हवं का, नीट वाढंनात ती? जित्या रोपाला उकिरड्यावर कसं टाकायचं? मी आनली. पोतंभर व्हती. सगळ्या आळीला वाटली."

चहा झाला नाही. मी त्यांना झाड दाखवलं, त्यांनी सोपट ओढून बघितलं आणि हात झटकला, जसा मी झटकला असता. म्हणाल्या, "आता ह्ये सगळं काढाया लागंल." मी हो म्हटलं, गड्ड्यासकट, आणि आधी मावा मारून, नाहीतर तो उडतो. "मग तुमीच सांगा लोकास्नी, ताई. माजं ऐकनार न्हाईत. म्हनतील, कामावरनं काढलं म्हनून डोकं फिरलं हिचं."

मला शेजाऱ्यांना साधं "येते हं" म्हणायलाही दहा वेळा मनात घोकावं लागायचं. पहिल्या दारात मावशी माझ्या मागे उभ्या राहिल्या. एक बाई बाहेर आली, हातांना पीठ. तिच्या अंगणातल्या केळी मावशींच्या केळींपेक्षा हिरव्या होत्या, पण शेंडे तसेच आवळलेले.

"तुमची केळ आजारी आहे," मी म्हणाले. "आमच्याकडूनच आली ती. काढावी लागेल."

"ही? हिरवीगार हाय की."

"हो. ती हिरवीच दिसते."

बाईने केळीकडे बघितलं, माझ्याकडे, मग मावशींकडे. मावशींनी मान हलवली. "बरं," ती म्हणाली, "हितली काढीन. पन दोन मी लेकीला दिली, गेल्या महिन्यात. घेऊन गेली सासरी."

"सासर कुठे आहे?" मी विचारलं.

ती आधी हसली, पाहुणीनं लेकीचं सासर विचारलं म्हणून. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली.